शालनबाईंची घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे, मित्रांनो. जाड, काळी आणि अंगाला टोचणारी. माण तालुक्यातल्या एका सणगराने मला विणले, चिंचोक्याची खळ दिली आणि उन्हात वाळवले. शालनबाईंच्या लग्नात वडिलांनी मला त्यांच्यासोबत सासरी धाडले.

पुढे पिंपरीत नवा कारखाना निघाला. शालनबाईंचे यजमान ज्योतीराम तिथे कामाला लागले आणि चिंचवडच्या एका चाळीत त्यांनी बिऱ्हाड थाटले. शेजारच्या खोलीत सायकली दुरुस्त करणारा हनीफ, त्याची बायको जमिला आणि म्हातारी आई नजमुन्निसा राहत. पहिली दोन वर्षे थंडीत माझी ऊब सगळ्यांना हवी असायची. मग ज्योतीरामांनी मऊ रग आणला आणि मी घडी होऊन ट्रंकेवर पडले. फार वाईट वाटायचे.

पौषातली ती संध्याकाळ होती. हवेत कडाक्याचा गारठा. नजमुन्निसाबी दार ओढून शेगडीपाशी बसल्या होत्या. कोळसे नीट पेटेनात, म्हणून त्यांनी वरून घासलेट ओतले. भडका उडाला आणि त्यांच्या पदराने पेट घेतला.

"जमिला! अगं, जळले गं!" असे किंचाळत त्या अंगणात धावल्या. जमिला नळावरून धावत आली. माणसे जागच्या जागी थिजली. शालनबाईंनी मात्र मला ट्रंकेवरून ओढले आणि उंबरा ओलांडला.

"पळू नगा, मावशी! खाली पडा!"

म्हातारीला भान कुठले? शालनबाईंनी तिला घट्ट कवटाळून जमिनीवर आडवे केले, माझ्यात गुंडाळले आणि दाबून धरले. ज्वाळा मला चाटू लागल्या. जळक्या लोकरीचा उग्र वास सुटला. पण लोकर सहजासहजी भडकत नाही, मित्रांनो. मी तग धरला. आत हवाच पोचेना, तेव्हा आग गुदमरून विझली.

कोणीतरी तुपाची वाटी आणली.

"तूप नगं! गार पाणी वता. वततच ऱ्हावा!" शालनबाई म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही हातांना फोड आले होते, ते त्यांना मागाहून कळले.

नजमुन्निसाबी इस्पितळातून परतल्या, तेव्हा त्यांनी शालनबाईंना जवळ बसवले.

"बेटी, आगीत हात घालताना भीती नाही वाटली?"

"वाटली की. माझी धाकटी भन अशीच चुलीम्होरं पेटली व्हती. ती पळत सुटली, आन् वाऱ्यानं जाळ वाढला. न्हाई वाचली. तुमी पळताना मला तीच दिसली, मावशी."

म्हातारीने त्यांचे पट्ट्या बांधलेले हात कपाळाला लावले. पुढे मला पडलेले भोक नजमुन्निसाबींनीच लाल लोकरीने रफू केले.

हात बरे होताच शालनबाई जमिलाला घेऊन चाळीत दारोदार फिरल्या आणि आगीपासून कसे जपायचे ते सांगू लागल्या. काही बायका हसल्या, पण हळूहळू शेगड्या अंगणात पेटू लागल्या आणि घासलेटचे डबे चुलीपासून दूर गेले. अशा बाईच्या घरची घोंगडी असल्याचा मला आजही अभिमान वाटतो.

मित्रांनो, निखाऱ्यावर घासलेट कधी ओतू नका. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नका. आणि घरात एखादी जाड घोंगडी हाताशी असू द्या; ती तुम्हाला फक्त थंडीपुरतीच लागो.