पाणसळीत बसवलेलं कोर्ट

गाववाल्यांनो, पाय तिचा चुकला, असं चारचौघांत सांगताना तुमची जीभ जरासुद्धा अडखळत नाही? मी सगळं पाहिलंय. तिचा पाय चुकला नव्हता.

मी कोर्ट बोलतोय. न्यायनिवाड्याचं नव्हे, घरामागच्या मोकळ्या जागेत बांधलेलं, टेनिस खेळायचं. हिरवा रंग, पांढऱ्या रेघा, मधोमध जाळी. आता त्यातला रंग म्हणावा असा उरलेला नाही.

माझा मालक फर्निचर बनवतो. सगळे त्याला 'गुण्या' म्हणतात. सुतार काटकोन तपासायला वापरतात ना, तो गुण्या. माणूसही तसाच ताठ. त्याने केलेल्या टेबलावर गोटी ठेवा, जागची हलणार नाही. त्याची मुलगी टेनिस फार छान खेळायची. सहा महिन्यांवर निवड चाचणी आली होती आणि सरावाचं मैदान गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. "मग घरीच करू की कोर्ट!" तो म्हणाला. त्या वाक्यातून माझा जन्म झाला. तेवढं वाक्य मला आजही आवडतं.

जमीन मात्र एकसारखी नव्हती. घराकडचा अर्धा भाग घट्ट मुरमाचा. कुंपणाकडचा अर्धा काळ्या चिकण मातीचा. भिजली की फुगणार, वाळली की आक्रसणार. म्हाताऱ्या गवंड्याने ती मुठीत दाबून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"दादा, ही कमरेइतकी काढून मुरूम भरू. कडेने चर खणून खडी टाकू. आणि वर एका अंगाला उतार देऊ, पाणी जायला."

"उतार? माझ्या हातून वाकडं काम होणार नाही."

"वाकडं कोण म्हणतंय? तिरपं म्हणतोय मी. हे काय टेबल आहे, पेला कलंडेल म्हणून?"

मजूर हसले. मालक हसला नाही. मला चीड येते ती इथेच. न कळणं मी समजू शकतो. पण ज्याला कळतं तो चिखलात उभा आहे, म्हणून त्याचं ऐकायचंच नाही?

दिवस कमी होते. काळी माती वीतभरच निघाली, चर राहूनच गेला. ओलं काँक्रीट सारखं करताना मालक स्वतः सपाटी तपासायची पाणसळ घेऊन, तिच्यातला बुडबुडा मधोमध आणत, गुडघ्यांवर रांगत होता. रंग वाळल्यावर त्याने माझ्या मधोमध गोटी ठेवली. ती हलली नाही.

"बघ," तो मुलीला म्हणाला, "अख्ख्या गावात असं कोर्ट सापडणार नाही."

खरंच सापडलं नसतं.

दोन महिने सुखाचे गेले. सकाळी तिच्या बुटांची करकर, मग चेंडूचा टप्पा. मालक चहाचा कप घेऊन पायरीवर बसायचा आणि चेंडू बाहेर गेला की स्वतःच ओरडायचा, "आत! आत होता!"

"बाबा, तुम्ही पंच आहात की वडील?" ती विचारायची.

मग पाऊस लागला. माझ्यावर पाणी साचलं ते साचलंच, जाणार कुठे? बाप-लेक रबरी वायपरने ते ढकलत. ते कुंपणाकडच्या कडेवरून खाली झिरपे आणि काळी माती ते पीत राही. ती फुगली. मुरूम जागचा हलला नाही. दोन्हींच्या सांध्यावर माझ्या अंगात केसभर तडा गेला, मग बोटभर. एक कड वर उचलली गेली.

मालकाने तडा पाहिला तेव्हा मुलगी कॉलेजात होती. त्याने गवंड्याला बोलावलं नाही. कोणत्या तोंडाने बोलावणार? लाकडातली भेग बुजवतात तसा त्याने भुसा आणि सरस कालवून तड्यात दाबला, कड घासली, वर हिरवा रंग मारला. इतकं सफाईने, की मलाच क्षणभर बरं वाटलं.

भुसा पाणी पितो, हे सुताराला सांगायला हवं होतं का? पुढच्याच पावसात तो फुगून मऊ झाला. वरून रंग शाबूत. चाचणीला आठ दिवस उरले होते. उंच चेंडू घ्यायला ती मागे मागे धावत आली, टाच त्या लगद्यात रुतली आणि गुडघा फिरला. तो आवाज मी विसरलो नाही.

मालक धावत आला. आधी त्याला उघडा पडलेला तडा दिसला, मग ती.

"बघून पळायचं ना गं!" तो ओरडला. तेवढंच. त्या तड्यावर तो स्वतः उभा होता.

चाचणी हुकली. गुडघा पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली. घरी आली तरी मागचं दार उघडत नाही. आणि तो तिच्याकडे मान वर करून बघत नाही.

आता जाळी सुटली आहे, तड्यात गवत आहे. पाऊस थांबला की मालक अजून वायपर घेऊन येतो, पाणी इकडून तिकडे ढकलतो. माझं मागणं मोठं नाही. कोर्ट बांधणाऱ्यांनो, पाण्याला आधी वाट द्या, मग रेघा आखा. आणि तडा गेलाच, तर तो लोकांना दिसू द्या.

आज तो असाच वायपर टेकवून उभा होता. शेजारच्या काकू कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होत्या. चिमटा लावता लावता त्या सहज म्हणाल्या, "अहो भाऊ, परवा पोरीचा फोन आला होता मला. विचारत होती, बाबा अजून माझ्यावर रागावलेत का म्हणून."