चिंचेच्या पाण्यात विरलेल्या हिरव्या सुया

मी तांब्याचा एक जुना गडवा आहे. भांडी आपले चरित्र सांगू लागली की बहुधा चकाकीचे कौतुक सांगतात. मित्रांनो, मीही माझ्या चकाकीविषयीच सांगणार आहे. पण ते तिची लाज वाटते म्हणून.

१९५६ सालच्या हिवाळ्यात एका तांबटाने मला पत्र्यातून ठोकून घडवले. माहेराहून परतताना बोरी अरबच्या बाजारात रुखमाबाईंनी मला उचलले, नखाने वाजवून पाहिले आणि मारेगावला आणले. त्याच वर्षी त्यांच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला होता. ज्या बाईच्या ओंजळीत लोकांनी आयुष्यभर उंचावरून पाणी ओतले, तिला स्वतःचा गडवा आरशासारखा हवा होता. यात मला आजही काही गैर दिसत नाही. माझ्या पोटावर हिरवट डाग दिसला की त्या चिंच आणि मीठ घेऊन बसत. "कोनाले म्हनाची सोय नोको, का यायची भांडी मळकीच," असे म्हणत त्या मला घासत. त्यामुळे हिरवे म्हणजे मळ, हे मीही शिकलो. मी ते कधी तपासून पाहिले नाही.

त्यांचा मुलगा डोमाजी शाळेत शास्त्र शिकवत असे. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांना दगड जमवण्याचा नाद होता. सुटीच्या दिवशी ते नाल्याकाठी, विहिरींच्या खोदकामावर, खडीच्या ढिगांवर फिरत. विड्यांच्या रिकाम्या खोक्यांत सरकी काढलेला कापूस पसरून त्यावर दगड ठेवीत आणि प्रत्येकाची चिठ्ठी लिहीत: काय, कोठे, किती खोलीवर, कोणाला सापडले. ठिकाण न लिहिलेला नमुना म्हणजे नुसता गोटा, असे ते मुलांना सांगत.

"लोकं सोनं आनते, हा गोटे आनते," रुखमाबाई म्हणत. "मानसाले झोपाले जागा नाई अन् गोट्याइले गादी!"

१९५९ च्या उन्हाळ्यात शेजारची पंचफुला पदरात काहीतरी गुंडाळून आली. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडत असे.

"गुरुजी, हे पाहा. दगडाले हिरवी लव फुटली."

मोठ्या लिंबाएवढी पांढरी गारगोटी होती. तिच्या पोकळीत केसासारख्या बारीक, मखमली हिरव्या सुया दाटीने उभ्या होत्या. गुरुजींनी भिंग लावले आणि बराच वेळ काढले नाही. हे तांब्याचे खनिज, मॅलाकाइट, असे त्यांनी सांगितले. याचे डाग पुष्कळ सापडतात, पण अशा सुया अखंड राहत नाहीत. हातोडीच्या पहिल्या घावातच त्यांचा चुरा होतो.

"नागपूरच्या प्राध्यापकांना पत्र लिहितो," ते म्हणाले. "त्यांनी हा संग्रहालयात ठेवला, तर चिठ्ठीवर तुमचं नाव राहील, पंचफुलाबाई."

"माह्यं? कायले? म्या का घडवला?"

"तुम्ही फोडला नाही, म्हणून."

पंचफुला हसली. हात दिवसभर फोडण्यासाठीच राबत असताना एकदा न फोडल्याबद्दल आपले नाव लिहिले जाईल, हे तिला नवल वाटले. त्यानंतर पाण्याच्या वाटेवर ती रुखमाबाईंना रोज विचारी, "आला का वं नागपूरचा कागद?"

मला मात्र तो दगड आवडला नाही. माझ्या अंगावरून जे खरवडून काढतात, तेच तो अंगावर घेऊन कापसात निजला होता. मला मत्सर वाटला. पुढच्या घटनेत हात माझा नव्हता, असे म्हणून मी सुटू शकलो असतो. पण हा मत्सर मी पाहिलेला आहे, म्हणून नोंदवतो.

प्राध्यापक यायचे त्या दिवशी गुरुजी त्यांना घ्यायला मोटार थांब्यावर गेले. घरात रुखमाबाई एकट्या होत्या. त्यांनी जमीन सारवली, भांडी घासली आणि मग तो दगड पाहिला. इतक्या लांबून पाहुणा येणार आणि त्याच्यापुढे हा असा कळकलेला गोटा ठेवायचा? त्यांनी माझ्यात ऊन पाणी घेतले, मूठभर चिंच कोळली, मीठ टाकले आणि दगड अलगद आत सोडला.

बारीक बुडबुडे वर येऊ लागले. आम्ल आणि कार्बोनेट एकत्र आले की असेच घडते. त्यात नशीब, नजर वा दैव काही नसते. पाणी निळसर हिरवे झाले. मित्रांनो, ते बुडबुडे माझ्या अंगाला लागत होते आणि मला आनंद होत होता. दोन तासांनी रुखमाबाईंनी दगड काढून काथ्याने घासला, उन्हात धरला आणि समाधानाने म्हणाल्या, "आता कसा निंगाला!" मग त्याच पाण्याने मलाही घासले. इतका लखलखीत मी पूर्वी कधी नव्हतो.

प्राध्यापक आले, पाणी प्यायले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "गडवा फार सुंदर ठेवला आहे." मग गुरुजींनी खोके उघडले.

त्यांचा चेहरा मला स्वच्छ दिसला, कारण तो माझ्याच पोटावर उमटला होता. प्राध्यापकांनी भिंगाने पोकळी तपासली. तळाशी दोन-चार खुंट उरले होते. "अखंड असता, तर मी आजच नेला असता," ते म्हणाले. "हा कोणी धुतला का?"

गुरुजींनी दाराआडून कौतुकाने पाहणाऱ्या आईकडे पाहिले. त्यांचे बोलणे तिच्यापर्यंत पोचत नव्हते. "नाही," ते म्हणाले. "सापडला तेव्हा असाच होता."

आईला पाहुण्यादेखत खाली पाहायला लावायचे नव्हते, एवढेच ते होते. पण एकदा खोटे बोलले की पुढचे बोलणेही त्याला जुळवून घ्यावे लागते. संध्याकाळी पंचफुला दारात आली तेव्हा तिला खरे सांगितले तर ते आईच्या कानी जाणार होते. म्हणून गुरुजी म्हणाले, "त्यात काही नव्हतं, पंचफुलाबाई. साधा दगड होता."

"असं का?" ती म्हणाली. "मले वाटलंच. आपल्या हाताले का सापडते!" ती हसली, पण त्यानंतर तिने कागदाविषयी कधी विचारले नाही. त्या खोक्यातली चिठ्ठी गुरुजींनी काढून टाकली आणि दगड कोरा ठेवला.

चार वर्षे गेली. मी रोज घासला जात होतो. १९६३ साली, फाल्गुनातल्या एका दुपारी पंचफुला कामावरून परतताना पाणी मागायला आली. रुखमाबाईंनी मला तिच्या हातात दिले. दोन घोट घेऊन ती सहज म्हणाली, "गुरुजी, तुमचा तो हिरवा गोटा आठवते का? तसाच आज सापडला. त्याच्याहून दुप्पट. आतून राघूच्या पाखावानी."

गुरुजी उठून उभे राहिले. "कुठे आहे?"

"रस्त्यात. तुमीच म्हनलं ना, त्यात काई नसते. मंग म्या फोडला. रोलर बी फिरला त्याच्यावरून."

मग गुरुजींनी सगळे सांगितले: चिंच, प्राध्यापक, आपले दोन्ही खोटे बोल. त्यांनी एकही गोष्ट मऊ करून सांगितली नाही. रुखमाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "माह्याच हातानं?" एवढेच त्या म्हणाल्या.

पंचफुलाने उरलेले पाणी संपवले, मला जमिनीवर नीट ठेवले आणि म्हणाली, "मायचं काई नाई. तिले का मालूम! तुमाले तं मालूम होतं ना, गुरुजी?"

ती गेली. संध्याकाळी गुरुजींनी कोरे खोके काढून नवी चिठ्ठी लिहिली. आता, साठचे दशक संपत आले असताना, तिची शाई फिकी झाली आहे, पण वाचता येते: "मॅलाकाइट, अवशेष. मारेगाव, रस्त्याची खडी, १९५९. पंचफुलाबाईंना अखंड सापडला. आमच्या घरी चिंचेच्या पाण्याने नष्ट झाला. दुसरा, याहून मोठा, माझ्या खोटे सांगण्यामुळे फुटला." खाली त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी त्यांनी खडीच्या ढिगापाशी जाऊन पंचफुलाला वाचून दाखवली. तिने ती दोनदा वाचायला लावली.

रुखमाबाईंनी मला त्या खोक्याशेजारी फळीवर ठेवले. "याले आता कोनी घासू नोका," त्या म्हणाल्या. माझ्या काठावर हिरवा थर चढतो आहे. कोणी त्याला प्रायश्चित्त म्हणेल. तो केवळ हवेचा आणि ओलाव्याचा परिणाम आहे. त्यातून एकही सुई उगवणार नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू चकचकीत करण्याआधी तिचा रंग हा मळ आहे की तेच तिचे रूप, हे विचारून घ्या. आणि ती तुमच्या हातून बिघडलीच, तर जिला सापडली तिला त्याच दिवशी सांगा. मी तेव्हा बोलू शकत नव्हतो. तुम्हाला बोलता येते.