लेखकाचा रकाना

पूल तपासणाऱ्या खात्यात 'आयतोबा' म्हणजे कोण, हे शिपायालाही ठाऊक होतं. तोंडावर मात्र सगळे त्यांना साहेब म्हणत. ती त्याच खात्यात कारकून होती. तिच्या बाबांनी इथेच उभा जन्म दोरावर लोंबकळून पुलांच्या भेगा पाहिल्या, अहवाल लिहिले. ते निवृत्त होताच साहेबांनी सगळं स्वतःच्या नावावर करून घेतलं. अहवाल संगणकावरच्या एक्सएमएल डेटाबेसात होते आणि आतला मजकूर कुणालाच बदलता येत नसे. मेटाडेटा, म्हणजे लेखक, तारीख अशी वरची माहिती, बरणीवरची चिठ्ठी म्हणा, तेवढी बदलता यायची. साहेबांनी तेवढीच बदलली. बरणी उघडून पाहायची तसदी कोण घेतो?

आता त्या चिठ्ठ्या सांभाळायचं काम तिच्याकडे आलं होतं. मेल्याला धडा शिकवल्याशिवाय तिला अन्न गोड लागणार नव्हतं. 'लेखक' या रकान्यात बाबांचं नाव घातलं असतं, तर मुलीनेच लबाडी केली म्हणून तो उलटला असता. म्हणून तिने नियमावर बोट ठेवून रकाना रिकामा केला आणि शेजारी शेरा लिहिला, 'पडताळणी बाकी'.

साहेबांच्या बढतीसाठी समिती बसली. साहेबांनी ऐटीत तिला संगणकावर आपलं नाव शोधायला लावलं. पडद्यावर एकही अहवाल आला नाही.

"माझं काम कुठे गेलं?" साहेब तिच्यावर खेकसले.

"जागेवरच आहे, साहेब," ती मधाळ आवाजात म्हणाली. "फक्त लेखकाची पडताळणी राहिलीय. एखादा अहवाल सांगा ना, आत्ताच उघडून बघू."

चारचौघांत माघार कशी घेणार? साहेबांनी जुन्या लोखंडी पुलाचा अहवाल सांगितला. आपला म्हणून मिरवलेल्या अहवालाचा शेवट त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. समितीच्या बाईंनी तो पाहिला आणि तपासून लिहिणाऱ्याचं नाव मोठ्यांदा वाचलं. नाव बाबांचं होतं. मग दुसरा अहवाल उघडला, तिसरा उघडला. साहेबांची बोबडी वळली. तिला जराही दया आली नाही. अजून चार उघडावेत असंच वाटत होतं.

घरी बाबा दुखऱ्या कंबरेला पट्टा आवळून बसले होते. इतकी वर्षं ते "जाऊ दे, सोडून दे" म्हणत आले होते. आजही तेच म्हणतील, या धास्तीने तिने चाचरतच सगळं सांगितलं.

"सगळ्यांसमोर?" बाबांनी विचारलं.

"सगळ्यांसमोर."

"घाम फुटला त्याला?"

"दरदरून."

बाबांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"पुन्हा सांग. पहिल्यापासून. आणि सावकाश सांग."