तिसऱ्या स्क्रीनवरचा बाण

"अक्षरं किती मोठी होतात यात?" सिप्रोझ मॅडमनी विचारलं. अजून त्या बसल्याही नव्हत्या, किंमतही विचारली नव्हती.

"भिंतीएवढी करा. कोण अडवतंय तुम्हाला?" मी म्हणालो.

गिऱ्हाईक दारात दिसलं की माझी जीभ सैल सुटते, हा माझा जुना दोष. त्या हसल्या नाहीत. खुर्चीची पाठ चाचपून बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "थट्टा नको, ओबुया. दुपारच्या आत ठरवायचंय मला."

सरोवराकाठच्या आमच्या होमा बे गावात, बसतळामागे माझं दुकान आहे. परदेशातल्या ऑफिसांनी काढून टाकलेले कॉम्प्युटर मोंबासाच्या बंदरात उतरतात आणि तिथून हस्ते-परहस्ते माझ्याकडे येतात. मी ते पुसतो, आतली धूळ उडवतो, जुन्या मालकाची चिकटवलेली नावं खरवडून काढतो. नवे म्हणून विकत नाही, पण किती जुने आहेत हे कोणी विचारल्याशिवाय सांगतही नाही. त्या महिन्यात एकही विकला गेला नव्हता. हल्ली जो तो फोनवरच सगळं उरकतो. त्यामुळे मॅडम दारात दिसल्या तेव्हा मला आनंद झाला, हे कबूल करतो. पुढचं सांगायचं तर ते कबूल करायलाच हवं.

त्यांना ओळखत नाही असा माणूस गावात नाही. कचेरीसमोरच्या पडवीत एकतीस वर्षं त्यांचा टाइपरायटर वाजतो आहे. अर्ज, करार, सगळं त्या करतात, पण त्यांचं खरं काम मयताच्या पुस्तिकांचं. आमच्याकडे पुस्तिकेशिवाय माणूस मातीत जात नाही. तो कधी जन्मला, कुठे शिकला, कशाने गेला आणि मुख्य म्हणजे मागे कोण कोण उरलं, ते त्यात छापतात. आधी मिकायीचं, म्हणजे थोरल्या बायकोचं घर, मग दुसरीचं, मग तिसरीचं, आणि प्रत्येक घरातली मुलं जन्माच्या क्रमाने. दफनाच्या दिवशी ती यादी मोठ्याने वाचतात आणि ज्याचं नाव येईल तो उठून उभा राहतो. टाइप काय, कोणीही करील. घरांचा क्रम सांभाळणं हे खरं काम. माझ्या वडिलांची दोन घरं होती आणि वर एक भानगड होती. त्या भानगडीच्या मुलाला कुठे बसवायचं यावरून आम्ही भावंडं दोन दिवस भांडत होतो. मॅडमनी हातातला चहा संपायच्या आत जागा ठरवली आणि खुर्च्यांची फेकाफेक न होता दफन पार पडलं.

अशा बाईच्या हातून एक नाव राहिलं.

म्हातारा ओगोला वारला, त्याच्या पुस्तिकेतलं. तिसऱ्या घरातली धाकटी मुलगी पर्पेतुआ. यादी वाचून संपली, सगळी भावंडं उभी होती आणि ही एकटी खुर्चीत बसून राहिली. यादीत नाव नाही म्हणजे बापाने नाकारलं, असाच अर्थ आमच्याकडे लोक घेतात, आणि बाप तर पेटीत झोपलेला. त्याला विचारणार कोण? पर्पेतुआचे मामा ताटावरून उठून गेले. चाळिशीची ती बाई भर मांडवात लहान पोरीसारखी रडली.

खापर टाइपरायटरवर फुटलं. यंत्र जुनं झालंय, रिबन पुसट आहे, कॉम्प्युटर असता तर चूक तिथल्या तिथे दिसली असती, असं सगळे म्हणाले. मॅडमही तेच म्हणाल्या. पण त्या दिवसापासून पडवीकडे कोणी फिरकेना. हातात एकच पुस्तिका उरली होती, येत्या शनिवारची. त्यांच्या गावचे मास्तर ओलुओच वारले होते आणि मास्तरांच्या घरच्यांनी जुन्या ओळखीखातर काम काढून घेतलं नव्हतं.

मी किंमत सांगितली. स्क्रीन, कीबोर्ड, माउस सगळं धरून अठरा हजार शिलिंग. त्यांनी घासाघीस केली नाही. बाजारातली बाई घासाघीस करत नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पैसे कुठून येणार तेही त्यांनी आपणहून सांगितलं. नवरा सरोवरात बुडाला तेव्हा होडी फुटली, पण तिचं इंजिन वाचलं. ते त्यांनी एका मच्छीमाराला वापरायला दिलं आहे आणि बदल्यात दर आठवड्याला मासे येतात. थोडे खातात, थोडे विकतात. पडवीतलं काम आटल्यापासून त्यांची चूल त्या माशांवरच पेटते. आता म्बिता गावाहून एक माणूस इंजिन विकत घ्यायला आला होता आणि दुपारच्या बोटीने परत जाणार होता.

"इंजिन गेलं की मासेही गेले," मी म्हणालो. एवढी माणुसकी माझ्यात होती.

"ठाऊक आहे. म्हणूनच तर आधी बघायला आले. हे यंत्र मला पोसेल का, तेवढंच बघायचंय."

मी पहिला कॉम्प्युटर सुरू केला आणि त्यांचं नाव टाइप करून अक्षरं मोठी करत नेली. त्यांचा चेहरा उजळत गेला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "दिसतंय रे," त्या म्हणाल्या, "स्पष्ट दिसतंय." लगेच त्यांनी बेत सांगायला सुरुवात केली. पडवीतच टेबल लावायचं, वीज शेजारच्या न्हाव्याकडून घ्यायची, पुस्तिकेवर फोटोही छापायचा. आधी ओगोलांच्या घरी जाऊन नवी पुस्तिका फुकट करून द्यायची. माझ्याही डोळ्यांसमोर अठरा हजार नाचायला लागले होते. मी त्यांच्या हाताखाली माउस सरकवला आणि बाण कसा फिरवायचा ते दाखवलं.

त्यांनी बाण हळूहळू उजवीकडे नेला आणि हात थांबवला.

"गेला."

"काय गेलं?"

"बाण. होता, आणि गेला."

बाण स्क्रीनवरच होता, मधोमध उभी रेघ मारली तर तिच्या थोडासा उजवीकडे. मला वाटलं, आता यांना थट्टा सुचते आहे. मी माउस बदलून दिला. पुन्हा तिथेच गेला. त्या चिडल्या. म्हणाल्या, "असला माल विकतोस होय?" मी त्यांना दुसऱ्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. तिथेही बाण अर्ध्या वाटेत हरवला. मग मी एका शाळेसाठी राखून ठेवलेला मोठ्या स्क्रीनचा तिसरा काढला. त्यावर बाण केवढातरी मोठा करता येतो. तो मी अंगठ्याएवढा केला.

अंगठ्याएवढा बाणही मधली रेघ ओलांडली की त्यांच्यापुरता नाहीसा व्हायचा. पूर्ण मान वळवली की म्हणायच्या, "हा काय, आला." मान सरळ केली की पुन्हा गेला. चार वेळा असं झालं.

मी त्यांच्या उजव्या बाजूला सरकलो आणि त्यांच्या खांद्याशी हात नेऊन बोटं हलवली. त्यांना काही पत्ताच नाही. हात हळूहळू पुढे आणत गेलो. अगदी नाकासमोर आला तेव्हा त्या दचकल्या.

"काय करतोस?"

"माशी होती," मी म्हणालो.

बाहेर बसचे पोरगे 'किसुमू, किसुमू' ओरडून प्रवासी बोलावत होते. दुपारला फार वेळ राहिला नव्हता. मॅडमनी माउसवरचा हात काढून मांडीवरच्या पिशवीवर ठेवला.

"घेऊ का रे, ओबुया?" त्यांनी विचारलं. "तू धंदेवाला, तुला हे विचारू नये. पण मला दुसरं कोण आहे? तूच सांग, घेऊ का?"

दुकानाचं भाडं थकलेलं होतं. 'घ्या' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. त्यांनी घेतला असता, सगळ्या गावाने शाबासकी दिली असती आणि पुढे काय झालं ते मला कोणी विचारलंही नसतं. हा सगळा हिशेब माझ्या मनात झाला. नाही झाला म्हणालो तर खोटं होईल. शेवटी मी खोटं बोललोच, पण दुसरं.

"यावेळचा सगळा मालच खराब आलाय, मॅडम. पुढच्या महिन्यात नवीन येईल, तेव्हा बघू."

"तिन्ही खराब?"

"तिन्ही."

"एकाच जागी?"

त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या, म्हणजे स्क्रीनच्या डाव्या अर्ध्याकडे. मग एखादा अर्ज वाचून दाखवावा तशा सुरात बोलायला लागल्या.

"मिशनच्या दवाखान्यात गेले होते मी. डॉक्टर म्हणाला, उजवी बाजू गेली, थेंब घालून उरलंय तेवढं टिकवा. मी म्हटलं, बाजू कशी जाईल? चष्मा दे. दिला बिचाऱ्याने. ओगोलांच्या पोरांनी यादी आणून दिली त्यात जागा पुरली नव्हती. पर्पेतुआचं नाव त्यांनी कडेला लिहिलं होतं. उजव्या कडेला." पुढे म्हणाल्या, "त्या टाइपरायटरची काही चूक नव्हती. मला वाटलं, अक्षरं मोठी झाली की सगळं परत दिसेल."

मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. आणि भीतीही वाटली, कारण समोर बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. एक एक दार लावून घेत जावं तशा त्या एकेक गोष्ट मनात बंद करत होत्या, हे मला दिसत होतं. मी चहा मागवतो म्हणालो, त्यांनी नको म्हटलं.

"मास्तरांची पुस्तिका शनिवारी द्यायचीय," त्या म्हणाल्या. "शब्द दिलाय. तू वाच, मी टाइप करते. यावरच करते."

पिशवीतून त्यांनी मास्तरांच्या घरचा कागद काढला. मी वाचू लागलो. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बोटं कीबोर्डवर ठेवली. आधी जरा अडखळल्या, बटणं फार हलकी आहेत म्हणाल्या, आणि मग जो वेग धरला तो मला झेपेना. मी ओळ वाचून संपवायच्या आधी त्यांची टाइप होऊन जायची आणि त्या माझ्यासाठी खोळंबून राहायच्या. स्क्रीनवर एक चूक नाही. मी मुद्दाम शोधत होतो.

"थोरलं घर," मी वाचलं. "पहिला, जोसाफाट."

त्यांचे हात थांबले. "जोसाफाट पहिला नाही."

"कागदावर तसंच लिहिलंय."

"कागद पोरांनी लिहिलाय, त्यांना काय माहीत? त्याच्या आधी मुलगी झाली होती. आकेयो. तीन वर्षांची होऊन गोवराने गेली. मी लग्न होऊन त्या गावात आले, तेच साल. तिच्याशिवाय थोरलं घर सुरू कसं होईल? फोन लाव, त्यांच्या आईला विचार."

मी फोन लावला. मास्तरांच्या थोरल्या बायकोला विचारलं, आकेयोचं नाव घालायचं का म्हणून. मग म्हातारी म्हणाली, "सिप्रोझ आहे का तिथे? तिला सांग, घाल म्हणावं. पन्नास वर्षांत माझ्या लेकीचं नाव कोणी घेतलं नव्हतं."

मी निरोप सांगितला. मॅडमनी मान हलवली आणि ते नाव पहिलं घातलं.

पुस्तिका पूर्ण झाली तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. मी पहिलं पान छापून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं नाही. पालथं करून मांडीवर ठेवलं आणि कागदाच्या पाठीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग पान उलटून वरच्या बाजूनेही बघितलं.

"हाताला काहीच लागत नाही रे."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. टाइपरायटरचं अक्षर ठोक्याने बसतं, कागदाच्या मागून ते बोटाला लागतं. चार महिने त्या अशीच ओळ न् ओळ तपासत होत्या. रात्री दिवा न लावताही पान तपासून व्हायचं. टाइप केलेलं सगळं बोटाला सापडायचं, फक्त टाइपच न केलेलं नाव तेवढं सापडलं नव्हतं.

"सगळी नावं आलीत," मी म्हणालो. "आकेयो धरून चौदा. मी मोजलीत."

"तू मोजलीस," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, इथेच येत जा, मी वाचून दाखवत जाईन, मला काय काम आहे. मनापासून म्हणालो होतो. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने पूर्ण मान वळवली, मला नीट बघितलं आणि म्हणाल्या, "यंत्र चांगलं आहे तुझं. जो घेईल त्याचे पैसे वसूल होतील. किंमत कमी करू नकोस."

मग पिशवीतला फोन काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "म्बिताच्या माणसाला लाव. म्हणावं, इंजिन विकायचं नाही."

तो माणूस वैतागला. सकाळपासून बसवून ठेवलं म्हणाला, वाट्टेल ते बोलला. मी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. वळून पाहिलं तर मॅडम ते पान अजून मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचं बोट डाव्या कडेपासून निघालं, सावकाश उजवीकडे गेलं, कागदाची कड लागली तिथे थांबलं आणि पुढच्या ओळीसाठी पुन्हा डावीकडे आलं.