नई सडकेवरचा सॅक्सोफोन

ग्वाल्हेरच्या माणसाला गाणं शिकावं लागत नाही, ते त्याच्या रक्तातच असतं. असं आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष भालचंद्रपंत दर वार्षिक सभेत सांगतात. पंत स्वतः गाण्याच्या पहिल्याच परीक्षेत दोनदा नापास झाले. पुढे कुणी रक्त तपासलेलं नाही.

या पंतांपुढे सीमंतिनीला जॅझ ठेवायचं होतं. ती कॉलेजात इतिहास शिकवते. मंडळाचं नई सडकेवरचं सभागृह तिला दर शनिवारी संध्याकाळी हवं होतं, संगीतावरचे माहितीपट दाखवायला. वर्षभर मागे लागल्यावर पंत म्हणाले, "एक दाखव. मनाला भिडलं तर शनिवार तुझे." पहिल्यांदा काही सोपं निवड, असं तिला सगळ्यांनी सांगितलं. तिने एल्डन क्रो निवडला.

हा क्रो म्हणजे एक म्हातारा अमेरिकन सॅक्सोफोनवाला. त्याच्या वाजवण्यात ठरलेला ताल नाही, ओळखीची चाल नाही. लोक उठून जायचे, हे तो पडद्यावर हवामान सांगावं तसं सांगत होता. मग एका बंद कारखान्यात भिंतीकडे तोंड करून तो वाजवू लागला. आधी नुसती फुंकर. मग पत्रा घासल्यासारखा आवाज. मग पुन्हा फुंकर.

"सीमंतिनी, हा अजून वाद्य मिलवतोच आहे का?" पंतांनी विचारलं. "शुरू कब करेगा?"

"काका, सुरू झालंय. हेच आहे."

"हेच?"

"लाल झालाय हो बिचारा," खजिनदार विजयाबाई म्हणाल्या. "याच्या घरी कुणी नाही का सांगायला?"

सीमंतिनीने दाराकडे पाहिलं. पण आमच्याकडे राग चालू असताना उठत नाहीत. तो संपला की उठायचं, चपला शोधायच्या, सुटायचं. सगळे संपण्याची वाट बघत बसले. ते संपेना. पंत मांडीवर ताल धरून सम शोधत होते. दोनदा त्यांनी मान खाली आणली आणि दोनदा तशीच परत वर नेली.

मग त्या आवाजांतून एक सूर वर आला. कुठून आला ते कळलं नाही. तो फाटला, पुन्हा जुळला, आणि थांबलाच नाही. म्हातारा नाकाने श्वास घेत होता आणि तोंडाने सोडत होता. गाल फुगलेले, मानेच्या शिरा दोरीसारख्या. सुराची इतकी बारीक धार झाली, की आता तो आहे की फक्त आपल्या कानात उरलाय, हे सांगता येईना. कुणीतरी उठून पंखे बंद केले. जून महिना होता आणि कुणी हूं की चूं केलं नाही. पंतांचा हात मांडीपासून वीतभर वर तसाच राहिला होता. खाली सडकेवर हॉर्न वाजत असणारच, पण मला एकही आठवत नाही.

सूर विझला. म्हाताऱ्याने भिंतीला हात टेकला. पडदा पांढरा झाला तरी टाळी पडली नाही.

पंतांनी कानाच्या पाळीला हात लावला. आमच्याकडे हा मान दिवंगत उस्तादांना मिळतो. क्रो जिवंत होता आणि ओहायोत राहत होता.

"सीमंतिनी," पंत घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बेटा, ही भैरवी झाली."

"म्हणजे आवडलं ना, काका? पुढच्या शनिवारी मी—"

"पुढचं काय? भैरवी के बाद कोई गाता है क्या?"

"पण काका, ही सुरुवात होती!"

"असेल. याच्यावर आता दुसरं काही ठेवणं म्हणजे त्या माणसाचा अपमान. माझ्या हातून तो होणार नाही."

"खरंय हो," विजयाबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि कार्यक्रम कायमचा बंद करण्याचं एकमताने ठरलं. मंडळात एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं. सीमंतिनीने कडाडून वाद घातला असता, पण तिचेही डोळे भरले होते, आणि भरल्या डोळ्यांनी सभागृहाचं वेळापत्रक मागता येत नाही.

शनिवारी संध्याकाळी तिथे आता झुंबाचा वर्ग भरतो.