गप्प केलेली चकती

मित्रांनो, डोंगरावर चालवायच्या जाड टायरच्या सायकली तुम्ही पाहिल्या असतील. त्यांच्या चाकाच्या मधोमध बशीएवढी, भोकाभोकांची एक पोलादी चकती असते. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी दोन पॅड येऊन तिला चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. मी तशीच एक चकती आहे. आता जुनी झाले आहे, आणि नवी होते तेव्हाही स्वस्तातलीच होते. स्वभावाने मी पहिल्यापासून भित्री. ज्याच्यावर दुसऱ्याचा जीव टांगलेला असतो त्याने थोडं भित्रं असावं, असं मला वाटतं.

माझा जन्म एका कारखान्यातल्या दाबयंत्राखाली झाला. वरून एक धक्का बसला आणि पत्र्यातून मी सुटी झाले. माझ्यासारख्याच शेकडो बहिणी शेजारी पडत होत्या. तिथे एक तपासनीस बाई होत्या. त्या प्रत्येकीला सपाट काचेवर ठेवून फिरवायच्या. जी डुगडुगली ती भंगारात. माझी पाळी आली. मी डुगडुगले नाही. बाईंनी मला बाजूला सरकवलं आणि दुसरी उचलली. माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी ती एवढीच.

तिथून मी एका वेबसाइटच्या गोदामात पोचले. सायकलचं सामान बाजारभावापेक्षा कितीतरी स्वस्तात घरपोच देणारी ती वेबसाइट होती. गोदामात माझ्या फळीसमोर परत आलेल्या मालाचं कपाट होतं. मला त्याच्याकडे बघवत नसे. त्यात एक पेडल होतं, त्याचे आटे झिजलेले. ते भर रस्त्यात निखळलं होतं, असं गोदामातली माणसं बोलत. एक साखळी होती, ती चढावर तुटली होती. ज्यांच्या पायाखाली हे घडलं त्यांचं पुढे काय झालं, हे कुणी बोलत नसे. मी फळीवर पडल्या पडल्या तेच तेच मनात आणायची. उद्या माझ्यामुळे कुणी पडलं तर?

अखेर माझी मागणी आली. दोन पॅडांसह मला एका पाकिटात कोंबलं आणि बऱ्याच दिवसांच्या गचक्यांनंतर ते पाकीट एका घरात उघडलं.

त्या घरातल्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. घर टेकडीवर होतं आणि तिला नुकतीच टेकडीखालच्या रोपवाटिकेत नोकरी लागली होती. बस मोठा वळसा घालून जायची. सायकलने मात्र उतारावरून थेट खाली जाता येई. मामाने त्याची जुनी सायकल दिली होती, पण तिचे दोन्ही ब्रेक नावापुरतेच उरले होते. म्हणून भिंगरीने रोज जेवणानंतर फोनमध्ये डोकं घालून लोकांची मतं वाचली होती. माझ्याबद्दल कुणी लिहिलं होतं, 'ठीकठाक आहे.' कुणी लिहिलं होतं, 'आवाज फार करते, पण थांबवते.' ते वाचून तिने मला मागवलं. मागच्या ब्रेकची तार दुसऱ्या पाकिटातून यायची होती आणि ते पाकीट कुठेतरी अडकलं होतं.

आई कपड्यांना इस्त्री करत होती. तिने मला दोन बोटांत धरलं, उलटसुलट केलं आणि म्हणाली की डब्याचं झाकण याहून जाड असतं. भिंगरी हसली. मला हसू आलं नाही. मला वाटलं, ही बाई खरंच बोलतेय.

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करत. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान होतं. भिंतीला लागून उघडी पडलेली मशीनं, टेबलावर बॉबिन, स्क्रू, चिंध्या, आणि हाताशी कायम एक लांब चोचीची तेलाची कुपी. बाबांचा हात हलका होता. एखादं मशीन कुरकुरत आलं की ते त्याच्यावर कान ठेवत, नेमक्या जागी तेलाचा थेंब सोडत आणि मशीन सुतासारखं सरळ होई. तयार कपड्यांच्या दिवसांत गिऱ्हाईक कमी झालं होतं, नजरही पूर्वीसारखी राहिली नव्हती, पण त्या कुपीवरचा त्यांचा विश्वास तसूभर ढळला नव्हता. घरात कुरकुरणाऱ्या कशाचीच गय नव्हती. दार असो, पंखा असो, खिडकीची कडी असो, बाबा तेल घालणारच. आईचे गुडघे वाजतात तेवढे सोडून सगळ्याला तेल घालून झालंय, अशी भिंगरी त्यांची टिंगल करायची.

भिंगरीने मला पुढच्या चाकावर स्वतः बसवलं. स्क्रू नीट आवळले, चाक फिरवून पाहिलं, अंगणात चक्कर मारली आणि ब्रेक दाबला. मी जी किंचाळले म्हणता, गल्लीतली मांजरं कुंपणावर चढली.

मित्रांनो, नवी चकती ओरडतेच. नवी चकती आणि नवे पॅड यांची अजून ओळख व्हायची असते. थोडे दिवस हळू हळू ब्रेक दाबत सायकल चालवली की ओरडणं आपोआप कमी होतं. मी ओरडत होते, पण थांबवतही होते. उतारावर मी चाक असं घट्ट धरलं की मलाच माझं नवल वाटलं. पाठोपाठच्या दिवसांत मी तिला रोज खाली नेलं. प्रत्येक वळणावर माझी भीतीने गाळण उडायची आणि प्रत्येक वळणावर मी थांबवायची.

शेजारी मात्र हसायला लागले. कुणी म्हणालं, आली बघा रुग्णवाहिका. भिंगरीने ते बाबांना सांगितलं, हसतच सांगितलं, पण तिचे कान लाल झाले होते ते बाबांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी अंघोळीला गेली असताना बाबा कुपी घेऊन अंगणात आले. माझ्यासमोर उकिडवे बसले. चिंधीने त्यांनी माझ्यावरची धूळ मायेने पुसली.

"थांब, करतो तुला गप्प," ते म्हणाले.

मला तेव्हा जी भीती वाटली ती गोदामातल्या कपाटासमोरही वाटली नव्हती. नका, नका, असं मी जीव तोडून म्हणत होते, पण चाक फिरल्याशिवाय मला आवाज नाही. चोच माझ्या अंगाला टेकली. एक थेंब, मग दुसरा. बाबांनी चाक हाताने फिरवलं, तेल सगळीकडे पसरलं आणि पॅडांनीही ते पिऊन घेतलं. त्यांनी ब्रेक दाबून पाहिला. मी हूं की चूं केलं नाही. बाबांचा चेहरा खुलला. चाक सावकाश फिरत होतं, म्हणून ते थांबलंसुद्धा. ते हात पुसत आत गेले आणि भिंगरीला काही बोलले नाहीत. तिला रस्त्यातच कळावं, ती खूश व्हावी, एवढाच त्यांचा बेत होता.

भिंगरी निघाली. गल्ली सपाट होती, तिथे ब्रेक दाबावाच लागला नाही. मग उतार सुरू झाला. सायकलने वेग घेतला आणि पहिल्या वळणाआधी तिने ब्रेक दाबला.

पॅडांनी मला धरलं आणि मी त्यांच्या हातून सुटले. ओल्या साबणाची वडी सुटते तशी. तिने आणखी जोरात दाबला. मी फिरतच राहिले. धरा, धरा मला, असं मी पॅडांना म्हणत होते, पण तेही बिचारे तेलात निथळत होते. मागचा ब्रेक तिने दाबला, त्याची जुनी तार ताणली गेली आणि सैल पडली. वळण तिने कसंबसं काढलं. पुढे उतार आणखी तीव्र होता आणि त्याच्या टोकाला दगडी भिंत होती. भिंगरीने पाय जमिनीला घासले. मला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता आणि भिंत जवळ येताना दिसत होती. मी हिला मारणार, एवढंच माझ्या मनात होतं.

रस्त्याच्या कडेला दुरुस्तीसाठी खडीचा ढीग टाकला होता. तिने सायकल त्यात घातली. चाक रुतलं, सायकल उलटली आणि ती माझ्या पलीकडे जाऊन पडली. थोडा वेळ काहीच हललं नाही. मग तिने डोळे उघडले. तिचं एक मनगट भलत्याच कोनात वळलं होतं. ती सरपटत सायकलपाशी आली, दुसऱ्या हाताची बोटं तिने माझ्यावरून फिरवली आणि नाकापाशी नेली. त्या वासात ती लहानाची मोठी झाली होती. ती बोटांकडे बघत राहिली आणि मगच रडली.

हात प्लॅस्टरमध्ये घालून ती घरी आली तेव्हा बाबांनी मला चाकावरून काढलं. स्क्रू सोडवताना पाना दोनदा त्यांच्या हातून निसटला. स्वस्तातलं सामान, पोरीच्या जीवावर उठलं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. तेलाचा विचारही त्यांच्या मनाला शिवला नव्हता. आवाज बंद केला म्हणजे वस्तू सुधारली, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

"होय की नाही गं?" त्यांनी विचारलं.

भिंगरीने त्यांच्या तेलकट बोटांकडे पाहिलं. "हो बाबा," ती म्हणाली. "स्वस्तातलंच होतं."

बाबांनी तिला वेबसाइटवर खरमरीत तक्रार लिहायला लावली. ते सांगत गेले आणि ती डाव्या हाताने टाइप करत गेली. ते उठून गेल्यावर तिने ती सगळी पुसून टाकली. हे मी दुकानातल्या खिळ्यावरून पाहिलं. मला तिथे टांगलं होतं, उद्या भंगारवाल्याला द्यायची म्हणून. तो उद्या उजाडला नाही. माझ्यावर धूळ बसली, तेलाने ती धरून ठेवली आणि मी काळवंडले. तरी स्वतःची भीती मला फारशी नव्हती. मी विचार करत होते की खरं कुणालाच कळलेलं नाही, आणि जिला कळलंय ती गप्प आहे.

प्लॅस्टर निघालं. मधल्या काळात अडकलेलं पाकीट आलं होतं आणि मागची तार बदलली होती. बाबांनी शहरातल्या मोठ्या दुकानातून महागडी चकती आणि नवे पॅड आणले, दुकानाच्या कारागिराकडूनच बसवून घेतले. भिंगरी दुसऱ्या दिवसापासून कामावर जाणार होती. संध्याकाळी बाबांनी सायकल दुकानात आणली, चाक उचलून फिरवलं आणि ब्रेक दाबला.

ती महागडी बाई माझ्याहून मोठ्याने किंचाळली.

बाबा चक्रावले. मग मान हलवून स्वतःशीच हसले आणि त्यांचा हात टेबलाकडे गेला. तेलाची कुपी त्यांनी उचलली. आज मागच्या ब्रेकलाही दोन थेंब सोडू, असं ते पुटपुटले.

मी खिळ्यावर थिजले. माझ्यासमोर तो उतार आला, भिंत आली. आता खडीचा ढीगही तिथे नव्हता, रस्ता होऊन गेल्याचं मी गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं होतं. मी ओरडू शकत नव्हते. पडूसुद्धा शकत नव्हते.

दारात भिंगरी उभी होती. तिने कुपी पाहिली. तिने दुसऱ्या हाताने ते मोडलेलं मनगट धरलं. कुपीची चोच खाली आली.

"बाबा, तेल नको."

"अगं, ओरडतेय ती."

"ओरडू दे. मागच्या वेळी तेलामुळेच ती थांबली नाही."

बाबांचा हात तिथेच राहिला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कुपीकडे. तुला कुणी सांगितलं, असं त्यांनी फार हळू विचारलं. तिने सांगितलं की खडीत पडले तेव्हाच बोटांना वास आला होता.

"म्हणजे तेव्हापासून ठाऊक आहे तुला."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा."

बाबा स्टुलावर बसले. कुपी त्यांच्या मांडीवर कलंडली, पायजम्यावर तेलाचा डाग पसरत गेला, त्यांना भान नव्हतं. मग ते म्हणाले, "मला वाईट वाटेल म्हणून तू उद्या पुन्हा पडायला निघाली होतीस?"

भिंगरी त्यांच्याजवळ जाऊन बसली. दोघंही रडले आणि आई इस्त्री तशीच टाकून बाहेर आली.

मित्रांनो, ब्रेकच्या चकतीला कधी तेल लावू नका. चुकून लागलंच तर ती स्पिरिटने स्वच्छ पुसा, पॅड बदला आणि तोवर सायकलवर बसू नका. नवीकोरी चकती ओरडली तर तिला थोडे दिवस सांभाळून घ्या. आम्ही स्वस्त असू, पातळ असू, पण काळजी घेतलीत तर तुम्हाला थांबवू.

आणखी एक विनवणी आहे. त्या सकाळी मला बोलता आलं असतं तर मी बाबांना हात जोडून सांगितलं असतं. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. ज्याच्यावर तुमची माया आहे त्याची चूक त्याला सांगा. त्याला वाईट वाटेल, तुम्हालाही वाटेल. तरी उतार लागायच्या आधी सांगा.