सुती फडकं

गायत्रीला लेक झाली त्याला तीन महिने होत आले. पेढे वाटून झाले, पाहुणे गेले, आणि तिच्या आतलं दार कुणीतरी ओढून घेतल्यासारखं झालं. रडू येत नव्हतं की हसू येत नव्हतं. पोर रडली की पदराखाली घ्यायची, झोपली की खाली ठेवायची. सुरतेत, उधन्यातल्या त्यांच्या खोलीच्या भिंतीपलीकडे लूम खडखडत असत. आपलंही तसंच, असं तिला वाटे. बटण दाबलं की चालू.

लशीच्या दिवशी ती दवाखान्यासमोरच्या जुन्या वाचनालयात शिरली, ती नुसती पंख्याखाली बसायला. पोरीनं भोकाड पसरलं. वाचणाऱ्यांच्या माना वर झाल्या. तेवढ्यात मागच्या खोलीतून चष्मा कपाळावर चढवलेली एक बाई आली.

"इकडे ये गं. माझी गिऱ्हाइकं बहिरी आहेत."

गिऱ्हाइकं म्हणजे पुस्तकं. बाईचं नाव उषाबाई. माहेर धुळ्याचं, पण सगळे उषाबेनच म्हणत. वाचनालयातले जुने कागद, दस्त, वर्तमानपत्रं जपणं ही त्यांची नोकरी, आणि फाटकी पुस्तकं बांधणं हा शौक.

"पगार राखणदारीचा," त्या म्हणाल्या, "शिंपीकाम फुकट. मजा येते ना!"

मग गायत्री अधूनमधून जाऊ लागली. कोपऱ्यात बसून पोरीला पाजायची आणि बघायची. तापीच्या पुरात भिजून चिकटलेली पानं उषाबेन वाफेवर धरून सोडवत. मैद्याची खळ शिजवत. पानांच्या घड्यांना टाके घालताना त्यांची जीभ दातांत यायची, लहान पोरीसारखी. शिवून झालेल्या पुस्तकाच्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, "जा, आता शंभर वर्षं मरू नकोस." "काय झालंय तुला?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. एवढ्यासाठीच गायत्री जात होती.

एकदा त्यांनी तिच्या हातात सुई दिली. गायत्री घरी साड्यांना लेस लावायची, त्याच हातानं तिनं दोरा खेचला. टर्रकन पान फाटलं.

"अगं, साडी आहे का ती? कागदाला ओढ सोसत नाही," उषाबेन हसल्या. "झबल्याची नाडी बांधतेस ना, तसं."

घरी सासू, सरलाबाई, सगळं पाहत होत्या. सुनेचं तोंड नुसतं भिंतीकडे. एका सकाळी त्यांनी पिशवी काढली. "काय व्हयनं तुले, माले समजत नही. पोरले मी गावले लई जास. वरच्या दुधावर वाढाडसू. तू ऱ्हाय मोकळी."

तिचा नवरा चेतन सचिन गावातल्या मिलला निघाला होता. दारात थबकून म्हणाला, "तू म्हणशील तसं. गाडी उद्याची आहे. संध्याकाळपर्यंत सांग."

गायत्रीनं आत चाचपून पाहिलं. पोर जाईल. गेली तर? काहीच हाताला लागलं नाही. ती पोरीला घेऊन वाचनालयात गेली.

उषाबेन वैतागल्या होत्या. एका पुस्तकाच्या पाठीवर चिकटवायला मऊ सुती कापड हवं होतं. "बोल! सुरतमध्ये राहते आणि कापड मिळत नाही. जिकडे बघावं तिकडे पॉलिस्टर, खळ धरतच नाही!" मग त्यांची नजर पोरीवर गेली. गायत्रीच्या आईच्या जुन्या लुगड्याचं धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं फडकं पोरीला गुंडाळलं होतं. "हे सुती आहे गं! वीतभर पट्टी दे."

"नाही. तिला लागतं."

एवढ्या जोरात आलेला आवाज आपला आहे, हे गायत्रीला क्षणभर कळलं नाही. फडकं तिनं मुठीत गच्च धरलं होतं. कान तापले. "तिला… त्याशिवाय झोप येत नाही."

"बरं केलंस. मी हावरट आहे, मला असंच झिडकारायचं," म्हणत उषाबेन दुसरं कापड शोधायला वाकल्या.

तिला त्याशिवाय झोप येत नाही. हे आपल्याला कधी कळलं?

संध्याकाळी सरलाबाईंनी झबली भरली, दुपटी भरली, वर ते फडकं ठेवलं. गायत्रीनं ते उचलून घेतलं.

"हे इथंच राहील."

"फडकं ऱ्हाई का पोर ऱ्हाई?"

"दोन्ही."

 सासूनं पिशवी पालथी केली. "मंग मनं आथरून बी आठेच टाक. एकलीले जमाव नही तुले."

म्हातारीही जाणार नव्हती. गायत्रीनं अंथरूण टाकलं. आत अजून फारसं काही हललं नव्हतं. पोर कुरकुरली. तिनं फडकं ओढून पोरीला गुंडाळलं, आणि मग खाली ठेवायची राहूनच गेली.